भोपळ्यातून पाहिलेला राजहंस

शालिक, अरे, आले! तुझ्या तेराव्याच्या दिवशीच आले. अंगणात पंगत बसली होती, तुझा साडू वरण वाढत होता आणि मी मान खाली घालून भात कालवत होतो. एवढ्यात वरून आवाज आला. आँग, आँग. मी तसाच उष्ट्या हातानं उठलो आणि अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. मास्तरांना भरून आलं असावं, असं समजून एका म्हातारबुवांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. भरून कसलं येतंय! मी मोजत होतो. चक्रवाक, एकूण चौदा, नारिंगी पोटं उन्हात चमकताहेत, सरळ तलावाकडे. तू असतास तर तूही पंगतीतून उठला असतास, तुझंच तेरावं असलं तरी.

मग पानावर येऊन बसलो आणि तुझा भयंकर राग आला. दिवाळी झाली की पंधरा दिवसांत ही मंडळी येतात, हे तुला माहीत नव्हतं का? इतके हिवाळे आपण मिळून त्यांची वाट पाहिली, आणि नेमका या वर्षी तू दोन आठवडे आधी निघून गेलास. एवढी घाई तू कधी भाजी बाजारात न्यायलासुद्धा केली नव्हतीस.

आपली ओळखच मुळी तुझं धंद्यात लक्ष नसल्यामुळे झाली. मी अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवायला नवीन लागलो होतो. बाजारात तू वांगी विकत बसला होतास. माझी वांगी पारड्यात टाकलीस, तराजू उचललास आणि उचललेला हात तसाच ठेवून वर बघत राहिलास.

"अहो, झालं का?" मी विचारलं.

"थांब ना बापा जरासा. करकोचे चालले."

मीही वर पाहिलं. खूप उंचावरून करकोच्यांची लांबलचक वाकडी ओळ चालली होती आणि त्यांचं ते कुर्रर्र, कुर्रर्र बाजाराच्या गलबल्यातूनही ऐकू येत होतं. माझ्या मागची बाई कंटाळून दुसऱ्या दुकानाकडे गेली. ओळ दिसेनाशी झाली तेव्हा कुठे तू खाली पाहिलंस.

"तुले किती दिसले?"

"साठ."

"बासष्ट होते. शेवटचे दोन पाह्यलेच नाई तू."

हे आपलं पहिलं भांडण. त्या गडबडीत मी वांगी तिथेच विसरून घरी गेलो आणि दुसऱ्या रविवारी ती मागायच्या निमित्तानं सायकल काढून तुझ्या मळ्यात आलो. वांगी तर संपली होती, पण मळ्याच्या बांधापलीकडे तो तलाव होता, आणि तलावावर काय नव्हतं! पाण्यात डोकं खुपसून ढुंगण वर करणारी लांब शेपटीची बदकं. काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा असलेले चांदवे, दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडणारे. चोचीवर मोठं आवाळू घेऊन मिरवणारा नकटा, ज्याला पाहून तू हळूच म्हणालास, "आमच्या तलाठ्याचा भाऊ दिसते." चोच उघडी ठेवून पाण्यातून फिरणारा चित्रबलाक, चिखलात पडलेली घराची किल्ली शोधत असल्यासारखा. आणि अडया, शीळ घालत येणाऱ्या, शीळ घालत जाणाऱ्या, ज्यांना गप्प बसणं म्हणून ठाऊक नाही. मी वर्गात पोरांना पक्ष्यांची लक्षणं लिहून देत होतो, आणि पक्षी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहत होतो.

वहीची कल्पना माझी. नियमही माझाच. तारीख, पक्षी, किती, आणि शेवटी दोन रकाने, एक तुझ्या सहीचा, एक माझ्या. दोघांनी पाहिलं तरच लिहायचं. हा नियम करावा लागला तो तुझ्यामुळेच. पहिल्याच हिवाळ्यात तू मला सांगितलंस की सकाळी तलावावर कालवडीएवढा पक्षी बसला होता.

"कालवडीएवढा?"

"बरं, बकरीएवढा."

"नक्की?"

"कोंबड्याहून मोठा होता. आता तं बस?"

पण त्या नियमानं आपल्याला काय काय दिलं! अकोटची ती एसटी आठव. तुझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीसाठी आपण अकोल्याहून निघालो होतो. धाकटीचं जमतं की नाही या काळजीनं तू सकाळपासून अवाक्षर बोलला नव्हतास. आणि मध्येच, गवताच्या माळाशी, खिडकीतून अर्धा बाहेर निघून असा ओरडलास की बाया घाबरून उभ्या राहिल्या.

"हूम! हूम! गाडी थांबव!"

ड्रायव्हरला वाटलं, कुणी पडलं. त्यानं करकचून ब्रेक लावला. सगळी गाडी खाली उतरली. आणि माळावर, गवतात, माळढोक उभा! केवढा रे तो! पांढरी मान ताठ, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल अशी की सारा तालुका आपल्या ताब्यात आहे. "खाले कसा लागते हो हा?" असं एका पागोटेवाल्यानं विचारलं तेव्हा तू त्याच्या अंगावर धावून गेला होतास. मग तो उडाला. इतका जड पक्षी उडतो कसा, हे मला विज्ञान शिकवूनही त्या क्षणी पटत नव्हतं. तू टाळ्या वाजवत होतास, कंडक्टर टाळ्या वाजवत होता, आणि मीही वाजवत होतो. "चला, बसा, अकोट राह्यलं बाजूले," असं कंडक्टर म्हणाला, पण तूच त्याला आणि ड्रायव्हरला धरून वहीत सह्या घेतल्यास. त्या पानावर आजही चार सह्या आहेत. आपण उशिरा पोहोचलो, व्याही तोंड फुगवून बसले होते, आणि तू मुलीचं सोडून हूमचं सांगायला लागलास. तर व्याहीबुवाच पुढे सरकून विचारायला लागले, "कोनत्या माळावर? पुलाच्या अलीकडे का पलीकडे?" सोयरीक त्याच बैठकीत पक्की झाली.

आता त्या गोष्टीवर येतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आहे.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या भोयानं तुला सांगितलं की पूर्वी त्यांचे लोक बदकं कशी धरत. तलावात आठ दिवस मडकी तरंगत सोडायची. बदकांना त्यांची सवय झाली की एकानं मडकं डोक्यावर पालथं घालायचं, गळाभर पाण्यातून हळूहळू त्यांच्यात जायचं आणि खालून पाय धरायचे. हे ऐकून तू रात्रभर झोपला नाहीस म्हणे.

"धराचं नाई, मास्तर. नुसतं पाह्यचं. इतक्या जवळून!" असं म्हणून तू माझ्या नाकाला नाक लावलंस.

मडक्यांना भोकं पाडताना ती फुटली. मग तुला कुंपणावरचा कडू भोपळा आठवला. वाळवलेला, हलका, पोरं पोहायला शिकताना पाठीला बांधतात तोच. सहा भोपळे तू दगडाला दोरी बांधून तलावात सोडलेस. चौथ्या दिवशी एक चांदवा एका भोपळ्यावर चढायचा प्रयत्न करत होता, आणि ते पाहून तू बांधावर गडाबडा लोळला होतास. मग रविवारी सातवा भोपळा, सगळ्यात मोठा, आतून कोरून, डोळ्यांपुरती दोन भोकं पाडून तू डोक्यात घातलास. माझ्यासाठीही एक कोरून ठेवला होतास.

"चल."

"चष्मा भिजेल माझा," मी म्हणालो आणि वही घेऊन बाभळीआड बसलो.

तलावात सहा भोपळे स्थिर आणि सातवा हळूच सरकतोय. माझी छाती अशी धडधडत होती, जसा काही मीच आत होतो. तू पार त्यांच्या मध्ये गेलास आणि एकही बदक हललं नाही! मग ऊन पाण्यावर आलं आणि सगळं चकाकायला लागलं. तुझ्याजवळ काहीतरी मोठं, राखाडी दिसलं असं वाटलं, पण डोळे दिपले. तेवढ्यात सगळा थवा भर्रकन उठला आणि तू पाणी उडवत, भोपळ्यातून घुमत, किनाऱ्याकडे धावत आलास. काय सांगतोयस ते काही कळेना. भोपळा काढायला गेलो तर निघेना. घालताना सहज गेला, काढताना हनुवटीशी अडकला. पण तुला कुठे त्याची पर्वा! तसाच हातवारे करत घराकडे निघालास. वाटेत दोन म्हशी उधळल्या. दारात सुभद्रावहिनी उभ्या होत्या.

"वांगे तोडाले गेलते, अन भोपया होऊन आले!" असं म्हणत त्यांनी वरवंटा आणला आणि तुला खाली बसवून भोपळा फोडला. आतून लाल नाकाचा तू बाहेर आलास.

"मास्तर, राजहंस! राखाडी आंग, पांढरं डोकं, अन डोक्यामागं दोन काये पट्टे, काजयाच्या बोटानं ओढल्यावानी. माह्यापाशी आला, भोकातून आत पाह्यलं, अन भोपयावर चोच मारली. टक, टक. दोनदा!"

आणि मी हसलो. शालिक, मी हसलो. "चोच मारली? मग दाखव खूण," म्हणालो. खूण कुठली दाखवणार होतास? भोपळ्याचे पन्नास तुकडे झाले होते. तू दुपारपर्यंत जमिनीवर बसून ते एकमेकांना जोडून पाहत होतास. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम, मी पाहिलेला नाही, लिहिणार नाही. आणि वर हेही म्हणालो की कॅम्पातल्या एखाद्या बंगल्यातला पाळलेला हंस सुटून आला असेल. तू तुकडे गोळा केलेस आणि म्हणालास, "तुमी मास्तर आहात. तुमी म्हनता तसं." एरवी तू मला 'तू' म्हणायचास, रागावलास की 'तुमी'.

त्यानंतर दर हिवाळ्यात पहिल्या रविवारी तुझा एकच प्रश्न. "लिहलं का?"

"दोघांनी पाहिलेलं नाही."

"तं मंग पान्यात ये ना!"

"चष्मा रे."

असे सात हिवाळे. तू दरवर्षी भोपळा घालून पाण्यात जायचास, मी दरवर्षी बाभळीआड. तो राजहंस पुन्हा आला नाही.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी वाचनालयात पक्ष्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाताला लागलं, रंगीत चित्रांचं. पान उलटलं आणि समोर तो! राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यामागे दोन काळे पट्टे. काजळाच्या बोटानं ओढल्यासारखेच. खाली लिहिलं होतं की हा हिमालय ओलांडून येतो. हिमालय ओलांडून, शालिक, तुझ्या वांग्यांच्या मळ्यामागच्या तलावावर! "अरे शालिक!" असं मी मोठ्यानं ओरडलो आणि ग्रंथपालानं डोळे वटारले. तशीच सायकल काढली आणि तुझ्याकडे निघालो. नाक्यापर्यंत आलो. आणि परत फिरलो.

का फिरलो? पाच वर्षं एक मास्तर एका भाजीवाल्याला सांगत होता की तू चुकतोस, आणि चुकत होता मास्तर. हे तोंडानं म्हणायला जड गेलं. म्हटलं, हंगाम सुरू होऊ दे, मग थाटात सांगू. तो हंगाम आला आणि गेला, पुढचाही गेला. यंदा मात्र दिवाळीनंतर नक्की, असं ठरवलं होतं. मला याची लाज वाटते, शालिक. दोन मिनिटांचं काम होतं, आणि तुला केवढा आनंद झाला असता! तू मला खांद्यावर घेऊन नाचला असतास.

आपलं शेवटचं भांडण तर टोपीवरून झालं. श्रावणात तू आलास आणि माझी धुतलेली पांढरी टोपी मागितलीस, लग्नाला जायचं आहे म्हणून. श्रावणात कसलं लग्न, हे मला तेव्हा सुचलंच नाही. आठ दिवसांनी टोपी परत आली ती सैल, मातीनं भरलेली, एका बाजूला हिरवा डाग. "यात भाजी भरलीस का रे?" म्हणून मी तुला नको नको ते बोललो. तू नुसता हसत होतास.

तेराव्यानंतरच्या रविवारी, म्हणजे परवा, मी वहिनींना भेटायला मळ्यात गेलो. त्या आत गेल्या आणि दोन भोपळे घेऊन आल्या. एक तुझा. दुसरा त्याहून मोठा, नवाकोरा.

"हा तुमचा, भाऊजी. सावनात येलावरच्या एकेका भोपयाले तुमची टोपी घालून पाहत होते. म्हनत होते, मास्तरचं डोस्कं लय मोठं हाये, बापा. पन यंदा त्याले पान्यात घालतोच."

मी भोपळा हातात घेतला. भोकं मोठी होती, गोल. चष्म्याएवढी. मागच्या बाजूला मानेपाशी चांगली रुंद खाच, म्हणजे अडकायला नको. तू चष्म्यावर कधी विश्वास ठेवला होतास की नाही, कोण जाणे, पण चष्म्यासाठी जागा मात्र करून ठेवली होतीस.

चष्म्याचं खोटं होतं रे. चष्मा काढून ठेवता आला असता. माझ्या गावालाही तलाव होता. त्याच्या पायऱ्यांना आमच्या लोकांनी पाय लावायचा नाही, गुरं उतरतात त्याच्या खालच्या अंगानं पाणी भरायचं. गावची पोरं पाठीला भोपळे बांधून पोहायला शिकत आणि मी बांधावर बसून पाहत असे. एकदा पाय बुडवला, तर माझ्या बापाला चार लोकांपुढे हात जोडावे लागले. छप्पन साली आई नागपूरहून दीक्षा घेऊन आली, तेव्हा दारातच म्हणाली होती, "आता कोन्या पान्याले भ्याचं नाई." मी मान डोलावली. पण तू "ये ना" म्हणालास की मला बापाचे जोडलेले हात दिसायचे. हे तुला सांगितलं असतं तर तू मला कपड्यांसकट उचलून तलावात टाकलं असतंस, आणि ते बरंच झालं असतं.

परवा उतरलो. वहिनी वही घेऊन बांधावर बसल्या, माझ्या बाभळीखाली. पाणी असं गार की दात वाजायला लागले. छातीपर्यंत गेलो, भोपळा चढवला. अगदी बेतानं बसला. तसाच गळाभर पाण्यातून हळूहळू बदकांमध्ये गेलो. आत वाळक्या सालीचा वास, माझाच श्वास मोठ्यानं ऐकू येतोय, आणि समोर उजेडाचे दोन गोल. त्या गोलांत, शालिक, काय दिसलं म्हणून सांगू! लांब शेपटीच्या बदकाच्या चोचीवरचा पाण्याचा थेंब. चांदव्याचा लालभडक डोळा. नकटा पाठीत चोच खुपसून चक्क झोपा काढत होता. हातभर अंतरावर! एवढी वर्षं बांधावर बसून मी नुसते ठिपके मोजत होतो रे, ठिपके! आणि तू दरवर्षी हे पाहत होतास आणि मला "ये ना" म्हणत होतास.

मग टक. टक. भोपळ्यावर. कुणी दार वाजवावं तसं.

हळूच मान वळवली. एक अडई होती, त्या शीळ घालणाऱ्या बदकांपैकी. तिनं भोकातून आत माझ्याकडे पाहिलं, तिला काही विशेष वाटलं नाही आणि ती निघून गेली. म्हणजे तेही खरं होतं. सगळंच खरं होतं. मला रडू फुटलं आणि पुसायची सोय नव्हती, हात पाण्याखाली आणि तोंड भोपळ्यात. आणि त्याच वेळी हसूही येत होतं, कारण भोपळ्यात रडण्याचा आवाज अगदी तुझ्या त्या दिवशीच्या ओरडण्यासारखा घुमत होता.

बाहेर आलो. भोपळा सहज निघाला.

"दिसला काय हंस?" वहिनींनी विचारलं.

"नाही, वहिनी."

"मंग आता?"

"लिहितो."

अठ्ठावन्नच्या त्या रविवारचं पान काढलं. त्या पानावर मी तेव्हा एक ओळ कोरी सोडली होती. का सोडली होती, ते मलाही सांगता येणार नाही. तिथे ओल्या हातानं लिहिलं: राजहंस, एक. डोक्यामागे दोन काळे पट्टे. भोपळ्याला दोनदा चोच मारली. तुझ्या सहीच्या रकान्यापाशी थांबलो. वहिनींनी शाईत अंगठा बुडवला. "त्याईच्या जागी मी," म्हणाल्या आणि ठसा उमटवला. शेजारच्या रकान्यात मी सही केली आणि पुढे एक शब्द लिहिला.

"ते काय लिहलं?"

"उशिरा."

"असू द्या," असं म्हणून वहिनींनी माझ्या खांद्यावर पंचा टाकला. "इचारत होते ना ते दरसाल, त्याईले सांगा आता."

सांगतो. लिहलं रे, शालिक. लिहलं.